कुंडीतली भेंडी: बी टोकण्यापासून ताटात येईपर्यंत

भेंडी लावायचं मनात आलं की बहुतेक जण आधी बियांचं पाकीट आणतात. मी म्हणेन, आधी घरातल्या रिकाम्या कुंड्यांची खोली मोजा. भेंडीचं मूळ म्हणजे सोटमूळ, ते सरळ खाली उतरतं. मेथी-कोथिंबीर ज्या उथळ ट्रेमध्ये छान येते, त्यात भेंडी हातभर वाढते, चार फुलं देते आणि पिवळी पडत जाते. माझ्या पहिल्या वर्षीची सगळी रोपं अशीच गेली. खत वाढवून पाहिलं, पाणी वाढवून पाहिलं, शेवटी एक रोप उपटलं तेव्हा कळलं: मूळ तळाला टेकून गोल गोल वळलं होतं.

ठाण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी आता आठ पावसाळे भेंडी लावतेय. भाजीपाला पहिल्यांदाच लावणाऱ्याला मी हीच सुचवते. बी मोठं असतं, हातात नीट धरता येतं, आठवड्यात उगवतं आणि दीड महिन्यात तोडायला येतं. मात्र तिच्याकडे रोज बघावं लागतं. रविवारी वेळ मिळेल तेव्हा बघू म्हणणाऱ्यांची भेंडी निबर होते, नाहीतर किडते. रोज सकाळची पाच मिनिटं देणार असाल तर पुढचं सगळं सोपं आहे.

कधी लावायची

भेंडी उबेचं पीक आहे. साधारण 24 ते 30 अंश तापमान तिला मानवतं आणि 20 च्या खाली बी रुजायलाच कुरकुर करतं. म्हणून आपल्याकडे तिचे दोन मुख्य हंगाम: पावसाळी भेंडी जून-जुलैत, उन्हाळी भेंडी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. पुणे, नाशिक, नागपूरकडे जानेवारीतल्या रात्री गार असतात, तिथे फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबलेलं बरं. मुंबई आणि कोकणात थंडी बेताचीच, त्यामुळे मधल्या महिन्यांतही लावून बघता येते, फक्त वाढ सावकाश होते.

पहिल्यांदाच लावत असाल तर मी उन्हाळी हंगाम सुचवेन. पाणी रोज घालावं लागतं खरं, पण सततच्या पावसाने बी कुजण्याची भीती नसते आणि ऊन भरपूर मिळतं. पावसाळ्यात लावायची तर पहिल्या मोठ्या सरी होऊन माती निवली की लावा.

परदेशातल्या मंडळींनी दिवस मोजण्यापेक्षा जमिनीची ऊब बघावी. न्यू जर्सीतली माझी मामेबहीण मे महिना बराच उलटल्यावर बी टोकते आणि जुलै-ऑगस्टमध्ये भेंडी खाते. इंग्लंडात उघड्यावर भरवसा नाही, तिथे काचघर किंवा निदान दक्षिणेची खिडकी हवी.

कुंडी, माती आणि जागा

एका रोपाला निदान 12 इंच खोल आणि तेवढ्याच रुंदीची कुंडी द्या, 15 इंच मिळाली तर उत्तम. रंगाची रिकामी 20 लिटरची बादली यासाठी फार चांगली. स्वच्छ धुऊन तळाला पाच-सहा भोकं पाडा आणि दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी वाहून जातं आणि गच्चीला ओल धरत नाही. 18 इंची ग्रो बॅगेत दोन रोपं सुखाने राहतात. तीन लावण्याचा मोह होतो, पण टाळा.

माती भरताना मी दोन भाग साधी बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेते. त्यात कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती शेतात सोनं असली तरी कुंडीत एकटी वापरू नका, सुकली की तडकते आणि मुळं तुटतात. शेणखत कच्चं नको. हातात घेतल्यावर ते भुरभुरीत असावं आणि त्याला शेणाचा वास येऊ नये.

जागा अशी हवी की निदान सहा तास थेट ऊन पडेल. यात तडजोड नाही. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं तीन तास ऊन येत असेल तर तिथे पालक लावा, भेंडीची रोपं नुसती उंच होतात आणि शेंग धरत नाही. ज्यांच्याकडे परसात जागा आहे त्यांनी दोन ओळींत दीड-दोन फूट आणि दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावं.

किती रोपं लावायची, हे सगळेच विचारतात. भरात असताना एक रोप दोन-तीन दिवसाला साधारण एक भेंडी देतं. पाव किलोला वीसेक भेंड्या बसतात. म्हणजे आठ रोपं असतील तर आठवड्यातून एकदा छोट्या कुटुंबाची भाजी होते. दोन रोपं लावून दोन-तीन दिवसाला दोन भेंड्या घेऊन काय करायचं हा प्रश्न पडतो, म्हणून सुरुवात सहा-आठ रोपांनीच करा.

कोणतं बी

परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' महाराष्ट्रात घराघरांत माहीत असलेली जात आहे. शिरा पिवळ्या पडण्याचा जो रोग भेंडीला छळतो, त्याला तोंड देण्यासाठीच ती काढली गेली. आता ती ताकद सगळीकडे पहिल्यासारखी राहिलेली नाही, तरी चवीला आणि कुंडीसाठी मला ती आवडते. राहुरी विद्यापीठाची 'फुले उत्कर्षा', बंगळुरूच्या संस्थेची 'अर्का अनामिका' याही चांगल्या. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची 'काशी लालिमा' ही लाल भेंडी मुलांना फार आवडते, फक्त शिजवल्यावर तिचा लाल रंग उतरतो हे आधीच सांगून ठेवा.

गोव्यात आणि कोकणात गेलात तर तिथली लांब, फिकट हिरवी, जास्त शिरांची भेंडी शोधा. गोव्याच्या 'सात शिरांच्या भेंड्या'ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. ती लांब झाली तरी बराच काळ कोवळी राहते. पावसाळ्यात घरामागे तिची चार झाडं ठेवण्याची तिकडची रीत आहे आणि बी शेजारणीकडून मिळतं.

दुकानातल्या पाकिटावर 'संकरित' लिहिलंय का ते बघा. संकरित बियाण्याची झाडं उत्पन्न चांगलं देतात, पण त्यांचं बी पुढच्या वर्षी धरून उपयोग नसतो, तशीच्या तशी भेंडी येत नाही. बी गुलाबी, निळं किंवा हिरवट रंगाचं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. असं बी मुलांच्या हाती देऊ नका, टोकून झाल्यावर हात साबणाने धुवा.

टोकणी

आदल्या रात्री बी साध्या पाण्यात भिजत घाला. भेंडीचं साल टणक असतं, दहा-बारा तासांत ते नरम होतं. रंग चोळलेलं बी मात्र भिजवू नका, ते तसंच टोका. सकाळी माती ओली करून बोटाच्या पहिल्या पेराएवढं, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर खोल भोक करा, प्रत्येक जागी दोन-तीन बिया टाका, माती ढकला आणि झारीने हलकं पाणी द्या. जोराने पाणी ओतलं तर बी वर येतं.

वाटीत, ट्रेमध्ये रोपं करून मग कुंडीत हलवायच्या भानगडीत पडू नका. टोमॅटो-मिरची हे सहन करतात. भेंडीचं सोटमूळ दुखावलं की रोप पंधरा दिवस नुसतं उभं राहतं. जिथे वाढवायचं तिथेच बी.

चार ते सात दिवसांत पाठीत वाकलेला कोंब मातीतून डोकं काढतो, मग दोन गोल पानं उघडतात. खरी, कातरलेली पानं दोन-तीन आली की विरळणी करायची: प्रत्येक जागी सगळ्यात दणकट रोप ठेवायचं आणि बाकीची कात्रीने मातीलगत कापायची. उपटलीत तर शेजारच्याचं मूळ हलतं. नवख्या माणसाचा हात इथेच थबकतो. उगवलेलं रोप कापवत नाही. पण एका बादलीत तीन रोपं ठेवून मी पाहिलंय, तिघांची मिळून जेवढी भेंडी येते, तेवढी एकटं रोप देतं.

पहिला महिना

या काळात करायचं फार थोडं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. उन्हाळ्यात रोज सकाळी लागतं, एप्रिल-मेच्या भर उन्हात संध्याकाळीही थोडं. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. मातीवर वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या की ओल टिकते.

तीन आठवड्यांनी आणि पुढे दर पंधरा दिवसांनी कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत घालून वरची माती खुरप्याने हलवा, बुंध्याला मातीची भर द्या. एवढं पुरतं. युरिया घालण्याचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. नत्र जास्त झालं की पानं हत्तीच्या कानाएवढी होतात, शेंगा कमी लागतात आणि त्या लुसलुशीत पानांवर तुडतुडे जमतात.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी घाबरून फोटो पाठवतं. पानांच्या मागे आणि देठांवर काचेच्या बारीक मण्यांसारखे, पारदर्शक थेंब दिसतील. ती किड्याची अंडी नाहीत. भेंडीच्या झाडातूनच तो रस पाझरतो आणि मण्यासारखा गोठतो. बोटाने पुसला तर निघून जातो. त्यासाठी काहीही फवारू नका.

फूल आणि तोडणी

टोकल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांनी पहिलं फूल येतं. सकाळी बघायला जा, दुपारी ते मिटायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतं. फिकट पिवळ्या पाच पाकळ्या आणि मधोमध गर्द तांबडा डोळा. जास्वंदाची आठवण येते, आणि ते बरोबरच आहे: भेंडी, जास्वंद, अंबाडी, कापूस ही सगळी एकाच कुळातली. परागीकरणाची काळजी नको, फूल स्वतःचं स्वतः फळतं, बंद गॅलरीतसुद्धा.

फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते. इथेच रोजच्या पाच मिनिटांची खरी किंमत कळते. सोमवारी बोटाएवढी दिसलेली भेंडी गुरुवारी लाकूड झालेली असते, विशेषतः उन्हाळ्यात. ओळखायची खूण आजीची: शेंगेचं टोक अंगठ्याने मोडून बघायचं. कट्‌ आवाज करून मोडलं तर कोवळी, वाकून लोंबलं तर निबर. घरच्या झाडावर मात्र प्रत्येक शेंगेचं टोक मोडत बसू नका, एक मोडून बघा आणि तेवढ्या लांबीच्या बाकीच्या तोडा. बहुतेक जातींत तीन-चार इंचांवर तोडलेली उत्तम.

तोडताना ओढू नका, देठ कात्रीने कापा. पानांवर आणि शेंगांवर बारीक लव असते, तिने हातांना खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला.

एके वर्षी गणपतीला गावी गेलो ते दहा दिवस राहिलो. शेजारी पाणी घालत होते, पण भेंड्या तोडायचं त्यांना सांगायला मी विसरले. परत आले तर प्रत्येक झाडावर तीन-चार वीतभर लांब, दगडासारख्या शेंगा, आणि नवं फूल एकही नाही. शेंगेत बी पक्व व्हायला लागलं की झाड सगळी ताकद तिकडे लावतं आणि फुलणं थांबवतं. त्या सगळ्या शेंगा कापून टाकल्या, खत दिलं, तेव्हा आठवड्याभराने कळ्या दिसल्या. तेव्हापासून गावी जाताना शेजाऱ्यांना कात्री देऊन सांगते, 'भेंडी तुमचीच, फक्त एक दिवसाआड तोडा.'

कीड आणि रोग

रोज सकाळी प्रत्येक रोपाची दोन पानं उलटी करून बघा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी सगळे पानामागे असतात. मुंग्यांची रांग चढताना दिसली तर मावा आहे का ते आधी पाहा. सुरुवातीला पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. नाही पुरला तर निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळ्या भरड कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून, चिमूटभर साबणचुरा विरघळवून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. आठवड्याने पुन्हा. पिवळे चिकट सापळे दुकानात मिळतात, पांढरी माशी त्यांना चिकटते.

पांढऱ्या माशीला एवढं जपायचं कारण तिने येणारा केवडा, काही भागांत हळद्या म्हणतात तो. पानाच्या शिरा जाळीसारख्या पिवळ्या होतात, मग अख्खं पान पिवळं, शेवटी शेंगही फिकट आणि आखूड. हा विषाणू आहे, त्याला औषध नाही. असं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटून पिशवीत बांधून टाका. मन घट्ट करावं लागतं, पण एक रोप ठेवून घेतलं तर माशी तिथून बाकीच्यांवर रोग नेते. नुसती जुनी खालची पानं पिवळी पडत असतील तर घाबरू नका, ते वयाने होतं. रोगात वरची कोवळी पानं पिवळ्या शिरांची होतात, हा फरक लक्षात ठेवा.

शेंडा अचानक मान टाकतो किंवा शेंगेला छिद्र आणि वाकडेपणा दिसतो, तेव्हा आत अळी असते. कपाशीवर जी ठिपक्यांची बोंडअळी येते तीच ही. शेताजवळ घर असलेल्यांना ती जास्त भेटते. किडलेला शेंडा आणि शेंग कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. शेंडा कापल्याने झाडाचं काही बिघडत नाही, बाजूने फांद्या फुटतात.

ताटात काय येतं

शंभर ग्रॅम कच्च्या भेंडीत नव्वद टक्के पाणी, ऊर्जा जेमतेम 33 किलोकॅलरी, प्रथिनं दोन ग्रॅमच्या आसपास, आणि चोथा तीन ग्रॅमच्या वर. त्याबरोबर साधारण 23 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 80 मिलिग्रॅम कॅल्शियम, 57 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, 300 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 60 मायक्रोग्रॅम फोलेट. फोलेट गरोदर बाईला विशेष लागतं, म्हणून तिच्या ताटात भेंडी जरूर असावी. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी तरीही चालूच ठेवायची.

ज्या बुळबुळीवरून मुलं नाक मुरडतात, तो विरघळणारा चोथा आहे. पोट साफ व्हायला तो मदत करतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरवतो. मधुमेह असलेल्यांना ही भाजी म्हणूनच चांगली. पण रात्री भेंडी भिजवून सकाळी ते पाणी पिण्याचे जे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. आमच्या नात्यातल्या एका काकांनी असं केलं आणि महिन्याभरात साखर एवढी चढली की दवाखान्यात ठेवावं लागलं. भेंडी ताटात असू द्या, औषध डॉक्टरांच्या सांगण्याने.

भेंडीत ऑक्झलेट असतं, त्यामुळे ज्यांना मुतखड्याचा त्रास वारंवार होतो त्यांनी किती खायची ते डॉक्टरांना विचारावं. वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनीही विचारावं, कारण भेंडीत के जीवनसत्त्व आहे.

शिजवताना: आधी धुवा, कापडाने कोरडी पुसा, मगच चिरा. चिरून धुतली की तार सुटलीच. कढई पसरट घ्या, झाकण ठेवू नका, मीठ शेवटी घाला. आंबटाने चिकटपणा तुटतो, म्हणून आपल्याकडे कोकणात आमसूल, देशावर चिंच किंवा ताक घालतात. घरची ताजी भेंडी असेल तर फोडणीत मोहरी, जिरं, हिरवी मिरची, दोन आमसुलं आणि ओलं खोबरं एवढंच पुरे. तळून कुरकुरीत केलेली भेंडी चवदार असते, पण ती तेल फार पिते, रोजच्या डब्याला परतलेलीच द्या. उरलेली भेंडी न धुता, कोरडी, कागदात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. फार थंडीत तिच्यावर काळे डाग पडतात.

बी धरणं

झाड साधारण अडीच-तीन महिने देत राहतं. भर ओसरायच्या आधी, सगळ्यात निरोगी आणि भरपूर शेंगा दिलेल्या एका झाडावर दोन शेंगा राखा, त्यांना लाल दोरा बांधा म्हणजे घरातलं कोणी चुकून तोडणार नाही. महिनाभरात त्या तपकिरी होऊन शिरांवर उकलायला लागतात. तेव्हा कापून, सावलीत आठ दिवस वाळवून बी काढा. करडं-हिरवं, मिऱ्याएवढं टणक बी निघतं, एका शेंगेत तीस-चाळीस सहज. थोडी कोरडी राख मिसळून काचेच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर जात आणि वर्ष लिहा.

टोकायच्या आठवडाभर आधी त्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. सात-आठ रुजल्या तर नेहमीसारख्या जागी दोन-तीन टोका. चार-पाचच रुजल्या तर जागी पाच टोका. दोनच रुजल्या तर शेजारणीकडे बी मागायला जा.